लोकोचं वय कुठे पाहावं?



मालगाडीचं डिझेल लोको हा विषय मी सुचवला, तेव्हा संयोजकांनी कोणतीही आडकाठी न करता तो स्वीकारला. या व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर ग्रीस आणि काजळी बहुधा पहिल्यांदाच येत असावी. पण हा विषय आजच बोलायला हवा, कारण तो उद्यावर ढकलण्याइतका वेळ उरलेला नाही.

देशातल्या ब्रॉडगेज मार्गांपैकी ९० टक्क्यांहून अधिक मार्गांवर आता विजेच्या तारा पोचल्या आहेत. आपली कोकण रेल्वे, रोह्यापासून ठोकूरपर्यंत ७४१ किलोमीटर, २०२२ मध्ये पूर्णपणे विजेवर आली. म्हणजे शेकडो डिझेल लोकोंचं पुढे काय करायचं, हे या काही वर्षांत ठरतं आहे. कोणतं ठेवायचं, कोणतं भंगारात काढायचं, कोणतं दुसऱ्या देशाला द्यायचं, कोणतं अडीअडचणीसाठी राखून ठेवायचं? आणि हे ठरवणार कशावरून? वयावरून. बरोबर आहे. पण लोकोचं वय पाहायचं कुठे? पाटीवरच्या सालात? रंगात? धुरात? की पोटातल्या तेलात?

आज मला याच प्रश्नाबद्दल बोलायचं आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. लोकोला एक वय नसतं. त्याच्या पत्र्याचं वय वेगळं, चाकांचं वेगळं, इंजिनाचं वेगळं, तारांच्या वेष्टणाचं वेगळं. ही सगळी वयं एकत्र वाचता येतील अशी माणसं लोको सांभाळणाऱ्या डिझेल शेडमध्ये आहेत. त्यांना न विचारता घेतलेला निर्णय चुकण्याची भीती मोठी आहे.

एक खुलासा करतो. शेडमध्ये अख्ख्या यंत्राला आम्ही लोको म्हणतो आणि त्याच्या पोटातल्या डिझेल यंत्राला इंजिन. आज मीही तसंच म्हणेन.

थोडा इतिहास, अगदी थोडा. अमेरिकेतल्या अल्को कंपनीकडून १९५० च्या दशकात पहिली मोठी डिझेल लोको आपल्याकडे आली. मग १९६२ मध्ये २६०० अश्वशक्तीचं डब्ल्यूडीएम-२ आलं, आणि १९६४ च्या जानेवारीत वाराणसीच्या कारखान्यातून देशात बांधलेलं पहिलं लोको बाहेर पडलं. अल्को कंपनीने १९६९ मध्ये आपला लोकोचा धंदा बंद केला. लक्षात घ्या, मूळ कंपनी संपली आणि तिची विद्या वाराणसीत पुढे कित्येक दशकं वाढत राहिली. त्याच घराण्यातलं, खास मालगाडीसाठी बांधलेलं लोको १९९५ मध्ये आलं, डब्ल्यूडीजी-३ए. ३१०० अश्वशक्ती, १२३ टन वजन, ताशी १०० किलोमीटर वेगाची मर्यादा. पुणे, गुत्ती, काझीपेठ या शेडांनी ही लोको वर्षानुवर्षं सांभाळली. १९९९ पासून ४००० अश्वशक्तीचं डब्ल्यूडीजी-४ आलं. त्याचं घराणं वेगळं, इंजिन टू-स्ट्रोक, मोटारी एसी. मी आज मुख्यतः पहिल्या घराण्याबद्दल बोलणार आहे. म्हातारपण तिथे जास्त स्पष्ट दिसतं, आणि माझे हातही त्याच तेलात मुरले आहेत.

आधी बाहेरून पाहू.

लोको लांबून पाहिलं की डोळ्यांत भरतो तो रंग. आणि सगळ्यात कमी माहिती देतो तोही रंगच. रंगाचा नवा हात चार दिवसांत देता येतो. म्हणून जाणता माणूस रंग बघत नाही, तो वाकून खाली बघतो. बॅटरीच्या पेटीखाली ॲसिड झिरपून पत्रा खाल्ला गेलाय का? वाळूच्या पेटीच्या तळाशी ओल धरून गंज चढलाय का? हूडच्या दारांच्या खालच्या कडा हाताला भुसभुशीत लागतात का? डिझेलच्या टाकीच्या जोडावर ओलसर काळी रेघ आहे का? गंज दर्शनी भागावर नंतर येतो. जिथे पाणी साचतं आणि फडकं पोचत नाही, तिथे तो आधी बसतो. कोकणातला पाऊस आणि खारा वारा खाल्लेलं लोको आणि मराठवाड्याच्या उन्हातलं लोको एकाच महिन्यात बांधलेली असली, तरी दहा वर्षांनी त्यांचे पत्रे सारखे राहत नाहीत.

मग चाकं. नव्या चाकाचा व्यास १०९२ मिलिमीटर, आणि झिजत झिजत तो १०१६ वर आला की चाक बाद. सगळं मिळून ७६ मिलिमीटरचं आयुष्य. वळणावर रुळाला घासून चाकाची कड, म्हणजे फ्लँज, पातळ होते, ब्रेक लागून चाक सपाट होतं, मग लेथवर चढवून त्याला पुन्हा आकार द्यायचा. प्रत्येक वेळी थोडं आयुष्य कमी. बोगीतले रबरी पॅड उन्हाने दगडासारखे कडक होतात. ते कडक झाले की प्रत्येक धक्का थेट वर पोचतो, आणि तो धक्का शेवटी सोसतं कोण? कॅबमधली दोन माणसं.

कॅबबद्दल दोन शब्द बोलल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. लोको म्हातारं होतं तशी कॅबही म्हातारी होते. दारांच्या रबरी पट्ट्या जातात, पावसाचं पाणी थेट कंट्रोल स्टँडवर ठिबकतं. पायाखालचा पत्रा थरथरतो, इंजिनाच्या दाराच्या फटीतून तेलाचा वास आणि आवाज आत येतो. सीटची गादी बसून जाते. या लोकोंत शौचालय नाही. अशा कॅबमध्ये लोको पायलट आणि त्याचा सहायक रात्ररात्र मालगाडी चालवत आले आहेत. लोकोच्या म्हातारपणाची किंमत सगळ्यांत आधी त्यांनी मोजली. कोणत्याही तपासणी अहवालात या रकान्याला फारसं महत्त्व मिळालं नाही, आणि ही गोष्ट मला कायम सलत आली आहे.

बाहेरून दिसणारी शेवटची खूण म्हणजे धूर. काळा धूर म्हणजे डिझेल नीट जळत नाही. इंजेक्टर गळत असेल, हवेची फिल्टर तुंबली असेल, इंजिनात हवा दाबून भरणारा टर्बो दमला असेल. निळसर धूर म्हणजे वंगणाचं तेल जळतंय. पांढरा धूर चालू इंजिनातून सतत येत असेल तर सावध, पाणी सिलिंडरमध्ये उतरत असण्याचा संभव. अल्कोचं लोको नॉच, म्हणजे ताकदीची पायरी, वाढवताना क्षणभर काळा धूर ओकतंच, तो त्याचा स्वभाव. टर्बोला वेग घ्यायला वेळ लागतो, तेवढा. पण तो धूर क्षणभर राहतो की मैलभर राहतो, हे पाहायचं. धूर दिसतो बाहेर, पण गोष्ट सांगतो आतली.

आता आत जाऊ.

आत व्ही आकारात बसवलेले १६ सिलिंडर. प्रत्येकाचा व्यास ९ इंच, पिस्टनचा प्रवास साडेदहा इंच. लायनर, म्हणजे सिलिंडरचं अस्तर, झिजतो, पिस्टनच्या रिंगा झिजतात, आणि जळालेला वायू पिस्टनच्या कडेने निसटून खाली क्रँककेसमध्ये येऊ लागतो. खरं तर क्रँककेसमध्ये थोडासा निर्वात ठेवायचा असतो. तिथे उलट दाब वाढू लागला की समजावं, वय बोलायला लागलं. हे तसंच चालू दिलं तर? तापलेलं बेअरिंग, तेलाची वाफ आणि दाब एकत्र आले की क्रँककेसचा स्फोट होतो. त्यासाठीच झाकणांवर स्फोट-झडपा बसवलेल्या असतात. पण झडप म्हणजे शेवटचा बचाव. पहिला बचाव म्हणजे वेळेवर कळणं.

आणि वेळेवर कळतं कशातून? वंगणाच्या तेलातून. इथे मला एकच घरगुती उपमा वापरायची मुभा द्या. डॉक्टर रक्त तपासतो तसं शेड तेल तपासते. संपमधलं, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या टाकीतलं, थोडं तेल बाटलीत घ्यायचं, स्पेक्ट्रोग्राफवर लावायचं आणि त्यात कोणता धातू किती आहे ते वाचायचं. लोखंड वाढलं, तर लायनर किंवा रिंगा. तांबं आणि शिसं वाढलं, तर बेअरिंगची कवचं. सिलिकॉन वाढलं म्हणजे हवेतली धूळ आत येतेय, फिल्टर पाहा. सोडियम दिसलं म्हणजे थंडाव्याच्या पाण्यातलं रसायन तेलात उतरलंय, कुठेतरी तडा आहे. तेल पातळ झालं, तर त्यात डिझेल मिसळतंय. नुसत्या एका आकड्याला अर्थ नाही. गेल्या महिन्यात किती होता, त्याआधी किती होता, चढ कसा आहे, हे बघायचं. पत्रा न उघडता, नट न सोडता, दहा लाख धक्क्यांचा हिशोब त्या बाटलीत असतो. मी इतकी यंत्रं पाहिली, पण स्वतःबद्दल इतकं प्रामाणिकपणे सांगणारं यंत्र दुसरं पाहिलं नाही.

उपकरणांच्या बरोबरीने कानही चालतात. इंजिन बंद केल्यावर टर्बोची पाती किती वेळ फिरत राहतात, हे ऐकायची पद्धत आहे. लवकर थांबली तर बेअरिंगमध्ये किंवा काजळीत काहीतरी अडतंय. जुना फिटर झाकणावर हात ठेवून सांगायचा की अमुक सिलिंडर नीट मारत नाही. तो हवेत बोलत नसे. उघडून पाहिलं की ते खरं निघे.

विजेच्या बाजूचं म्हातारपण याहून गुपचूप येतं. सहा ट्रॅक्शन मोटारी, प्रत्येक आसावर एक. त्यांच्या तारांचं वेष्टण उष्णतेने कडक होतं, तडकतं, त्यात धूळ आणि तेल बसतं. कम्युटेटर झिजतो, कार्बन ब्रश ठिणग्या टाकू लागतात. मग पावसाळ्यात एखाद्या रात्री ग्राउंड रिले, म्हणजे वीज सांगाड्यात गळली की ताकद तोडणारी कळ, पडतो. पायलट तो रिसेट करतो, गाडी निघते, पुन्हा पडतो. सकाळी शेडमध्ये लोको कोरडं, ऊन पडलेलं, वेष्टण तपासणारा मेगर लावला तर सगळं ठीक! कागदावर दोष नाही. रात्री पुन्हा तेच. या दोषाने जितक्या लोकांची झोप घालवली तितकी दुसऱ्या कशाने घालवली नसेल.

आता माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे येतो. मालगाडीचं लोको प्रवासी गाडीच्या लोकोहून वेगळ्या तऱ्हेने म्हातारं होतं. का? कारण त्याच्या आयुष्यात दोनच गोष्टी असतात. एक, पूर्ण ताकद. दुसरी, थांबणं. मधलं फार कमी.

पूर्ण ताकद कुठे लागते? ब्रागांझा घाट घ्या. गोव्यातल्या कुळ्यापासून कर्नाटकातल्या कॅसल रॉकपर्यंत सुमारे २६ किलोमीटर, चढ ३७ ला १. दूधसागर पाहायला गेलेल्यांनी तिथे मालगाड्या पाहिल्या असतील. मुरगाव बंदरात उतरलेला कोळसा कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांकडे जातो, म्हणजे भरलेली गाडी चढावर. निर्यातीचं लोहखनिज खाली बंदराकडे येत असे, म्हणजे भरलेली गाडी उतारावर. चढताना आठव्या नॉचवर, अगदी कमी वेगात, मोटारींतून प्रचंड करंट वाहतो आणि वेष्टण तापतं. मागून बँकर लोको ढकलत असतात, त्यांची तीच अवस्था. उतरताना डायनॅमिक ब्रेक लावायचा, म्हणजे त्याच मोटारी जनित्र होतात आणि तयार झालेली वीज छताजवळच्या रोधकांत उष्णता होऊन जाते. चढताना मोटार तापते, उतरताना मोटार तापते. असं लोको दहा वर्षांचं आहे की वीस, हे मला पाटीवरून सांगू नका. ते कोणत्या घाटात राबलं ते सांगा.

आणि थांबणं? सर्वसामान्य समज असा की उभं राहिलेलं यंत्र विश्रांती घेतं. डिझेलच्या बाबतीत हे खरं नाही, आणि हेच मला आज सभागृहाबाहेर पोचवायचं आहे. मालगाडी लूप लाइनवर, म्हणजे बाजूच्या रुळावर, तासनतास उभी राहते. पायलट इंजिन बंद करत नाही. का करत नाही? बॅटरी जुनी असेल तर इंजिन पुन्हा सुरू होईल याची खात्री नाही, आणि वाटेत लोको बंद पडलं तर जाब त्याला द्यावा लागतो. म्हणून इंजिन आयडल चालू. तासाला वीस लिटरच्या पुढे डिझेल जातं, ते वेगळंच. पण आत काय होतं? सिलिंडर पुरेसा तापत नाही, डिझेल अर्धवट जळतं. न जळलेलं डिझेल लायनरवरचा तेलाचा थर धुऊन काढतं आणि खाली संपमध्ये उतरतं. काजळी एक्झॉस्टमध्ये आणि टर्बोमध्ये साचते. गाडी जागची हललेली नाही, किलोमीटरच्या हिशोबात शून्य, आणि इंजिन मात्र झिजतंय. पुढे बॅटरीवरचा भार आणि हा आयडल टाळण्यासाठी छोटं सहायक इंजिन बसवण्याची सोय आली. चांगली सोय, पण फार उशिरा आली.

आणि पूर्णच बंद ठेवलं तर? शेडच्या मागच्या रुळांवर महिनोन् महिने उभी असलेली लोको आज अनेक ठिकाणी दिसतील. आपत्तीसाठी, सामरिक गरजेसाठी डिझेल लोको राखून ठेवायला हवीत, हे धोरण योग्यच आहे. तारा तुटल्या, वादळ आलं, पूर आला, सीमेवर प्रसंग आला, तर स्वतःचं इंधन पोटात घेऊन चालणारं लोकोच धावून येणार. पण राखून ठेवलं म्हणजे काय केलं? नुसतं उभं केलं? उभ्या लोकोत दमट हवेने लायनरवर गंज धरतो. बॅटऱ्या बसतात. होजपाइप तडकतात. उंदीर केबल कुरतडतात. बाहेरून रंग तसाच! राखीव म्हणून ज्याची नोंद आहे ते लोको हाक मारल्यावर सुरूच झालं नाही, तर ती नोंद कोणाच्या कामाची?

आता कागदाकडे वळू. डिझेल लोकोचं ठरलेलं आयुष्य ३६ वर्षांचं. मधे, १८ व्या वर्षाच्या सुमाराला, पूर्ण पुनर्बांधणी. त्यासाठी पटियाळ्याला १९८१ मध्ये कारखाना उभा राहिला. तिथे जुनं लोको खोलायचं, सांगाडा दुरुस्त करायचा, इंजिन सुधारून अधिक ताकदीचं बसवायचं. २६०० अश्वशक्तीची लोको अशीच ३१०० वर आली. आणि शेडमध्ये तर भाग रोज बदलतात. या लोकोचा टर्बो त्याला, त्याची मोटार याला, सिलिंडर हेड तिसरीकडून आलेलं. मग सांगा, पाटीवर १९९७ आहे, सांगाडा १९९७ चा आहे, ब्लॉक दुसऱ्या लोकोचा, मोटारी मागच्या वर्षी नव्याने गुंडाळलेल्या, चाकं गेल्या महिन्यातली. हे लोको किती वर्षांचं?

म्हणूनच पाटीवरच्या सालाला मी एक माहिती मानतो, निकाल मानत नाही. ३६ वर्षं हा आखणीचा आकडा आहे आणि आखणीला तो हवाच. पण घाटात भाजून निघालेलं पंधरा वर्षांचं लोको त्या आकड्यामुळे ठेवायचं आणि नीट सांभाळलेलं अठ्ठावीस वर्षांचं काढायचं, हा हिशोब मला मान्य नाही.

बाहेरच्या जगाकडे पाहा. भारताने २०२० मध्ये १० आणि २०२३ मध्ये आणखी २० ब्रॉडगेज डिझेल लोको बांगलादेशाला दिली. आपल्याला तारांमुळे नकोशी झालेली लोको तिथे कामाला लागली. म्हणजे आपल्याकडे ती जादा ठरली ती वयामुळे नव्हे, तर मार्गावर तार आल्यामुळे. हा फरक निर्णय घेणाऱ्याच्या मनात स्वच्छ असला पाहिजे. दुसरीकडे, २०१८ मध्ये वाराणसीत दोन डब्ल्यूडीजी-३ए लोकोंचं रूपांतर करून १०,००० अश्वशक्तीची विजेवरची जोडी बनवली गेली. तो प्रयोग फार पुढे गेला नाही. पण त्यातून एक दिसलं: इंजिन गेलं तरी सांगाड्यात आणि बोगीत जीव उरलेला असू शकतो.

इथे विजेच्या विरोधात मी बोलतोय असा समज कोणी करून घेऊ नये. विजेची गाडी स्वस्त पडते, धूर सोडत नाही, घाटात जास्त ओढते. तिचं स्वागतच आहे. ज्या शेडांत आम्ही डिझेल सांभाळलं त्यांपैकी अनेक शेडांत आज विजेची लोको सांभाळली जातात, आणि तिथली तरुण मुलं ते काम उत्तम करतात. वाराणसीच्या कारखान्याच्या नावातून २०२० मध्ये डिझेल हा शब्द गेला, पटियाळ्याच्या नावातूनही गेला. काळ बदलला, बदलू द्या.

माझी काळजी वेगळी आहे. डिझेल पूर्ण संपणार नाही. बिहारमध्ये मढौरा इथे ४५०० आणि ६००० अश्वशक्तीची नवी मालवाहू डिझेल लोको बांधली जात आहेत. ती पुढची तीस वर्षं कुठे ना कुठे धावणार. राखीव लोको राहणार. पण तेलाची बाटली वाचणारी, टर्बो ऐकणारी, ओल्या रात्रीचा ग्राउंड रिले शोधणारी माणसं दरवर्षी निवृत्त होत आहेत, आणि त्यांच्या जागी ही विद्या शिकायला कोणी येत नाही. यंत्र म्हातारं झालं तर त्याला नवा भाग मिळतो. विद्या हातातून गेली की तिचा भाग कोणत्याच भांडारात मिळत नाही.

म्हणून माझी मागणी अशी. कोणतंही लोको भंगारात काढण्याआधी त्याच्या तेलाच्या मागच्या नोंदी, लोड बॉक्सवरची, म्हणजे जागेवरच भार देऊन घेतलेली, चाचणी आणि मोटारींची तपासणी एकत्र ठेवून पाहावी, आणि त्या टेबलाभोवती शेडचा एक तरी जुना फिटर असावा. राखीव लोको ठरावीक दिवसांनी नुसतं सुरू करून थांबवू नये, त्याला भार देऊन, खऱ्या गाडीला जोडून चालवावं. आणि एक तरी डब्ल्यूडीजी-३ए असं जतन करावं की त्याचं इंजिन एका बाजूने कापून उघडं ठेवलेलं असेल. अभियांत्रिकीच्या मुलांनी लायनर, पिस्टन, टर्बो आणि मोटार एकमेकांना कशी जोडलेली असतात हे डोळ्यांनी पाहावं. रंगवून चौथऱ्यावर चढवलेलं लोको पाहून त्यांना काय कळणार?

शेवटी या सभागृहात बसलेल्या माझ्या निवृत्त सहकाऱ्यांना एक विनंती. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी जुन्या डायऱ्या आहेत, बिघाडांच्या नोंदी आहेत, तेलाच्या तक्त्यांच्या प्रती आहेत, मार्जिनमध्ये पेन्सिलीने लिहिलेली कारणं आहेत. त्या रद्दीत घालू नका. त्यांच्या प्रती काढा आणि जवळच्या शेडच्या प्रशिक्षण केंद्राला किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या ग्रंथालयाला नेऊन द्या. ज्यांना लिहायचा कंटाळा आहे त्यांनी नातवंडांना समोर बसवावं आणि त्यांच्या फोनवर आपलं बोलणं रेकॉर्ड करून घ्यावं. हे काम या वर्षीच करायला हवं.